टीव्हीत न मावलेला 'कागज के फूल'

टीव्हीनं प्रेक्षक पळवले म्हणून हॉलिवूडनं १९५३ साली रुंद सिनेमास्कोप पडदा आणला, आणि पुढे तेच चित्रपट टीव्हीत कोंबले! आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्तचा 'कागज के फूल' (१९५९). मी तो प्रथम टीव्हीवरच पाहिला आणि 'यात काय एवढं?' म्हणून मोकळा झालो. रिकाम्या स्टुडिओत गुरुदत्त आणि वहिदा दूर दूर उभे, मधे व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून आत आणलेला उन्हाचा झोत. ते अंतर हाच तर प्रसंग! जुन्या टीव्हीची चौकट ४ला ३ची. ती भरायची तर ४३ टक्के चित्र कापावं लागे. एकाला ठेवलं की दुसरा बाहेर.

पुढे पुतण्यानं डीव्हीडी आणली. वर-खाली काळे पट्टे पाहून मी म्हटलं, "अरे, चित्र कापलंय."

"काका, आत्ता कुठे अख्खं दिसतंय."