मुक्काम एक, पोस्ट दुसरं

आपल्याकडे पत्रावर 'मु. पो.' लिहायची पद्धत आहे. गावात टपाल कचेरी असेल तर दोन्ही एकत्र, नसेल तर मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं. इथे अमेरिकेत ही सोय नाही. पत्त्यात टपाल कचेरीचंच गाव लिहितात आणि मुक्काम गुपचूप गायब होतो. एरवी काही बिघडत नाही. पण परसात हवामान यंत्र लावलं आणि नोंदणीत 'ठिकाण' असा रकाना आला, की पंचाईत होते.

मी राहतो ती वस्ती न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर टाऊनशिपच्या हद्दीत येते. १७९७ साली जुन्या विंडसरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यातला हा पश्चिमेचा. १८६०च्या दशकात रेल्वेचा नवा मुख्य मार्ग इथून गेला. विद्यापीठाचं प्रिन्स्टन तीनेक मैल बाजूला राहिलं, म्हणून तिकडे एक फाटा काढला. गंमत म्हणजे वेस्ट विंडसरमधल्या त्या स्टेशनचं नाव पडलं प्रिन्स्टन जंक्शन. नेरळला 'माथेरान जंक्शन' म्हणावं तसं! पुढे टपालानेही हे नाव उचललं. १९६३ साली झिप कोड आले. आज वेस्ट विंडसरमधल्या काही घरांच्या पत्त्यात प्रिन्स्टन जंक्शन आहे, तर काहींच्या चक्क प्रिन्स्टन. घरं विकणाऱ्यांना हे दुसरं नाव विशेष प्रिय.

म्हणजे सरकारचं एक नाव, रेल्वेचं दुसरं, टपालाचं कधी तिसरंच. ज्याच्या त्याच्या कामापुरतं प्रत्येक बरोबर. पावसाने मात्र कोणतं मानायचं?

अमेरिकेच्या हवामान खात्याचं स्वयंसेवक निरीक्षकांचं जाळं १८९० सालच्या कायद्याने उभं राहिलं. त्यांची नावं ठेवायची रीत मला फार आवडते. नाव जवळच्या टपाल कचेरीचं, पण केंद्र गावाबाहेर असेल तर पुढे मैल आणि दिशा: 'अमुक गाव, ३ वायव्य'. थोडक्यात, पोस्ट आणि मुक्काम दोन्ही!

हा नुसता काटेकोरपणा नव्हे. जुलै १९९७ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका भागात १४ इंचांहून जास्त पाऊस कोसळला, तर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला दोनेक इंच. पुरात पाच माणसं गेली. त्यातूनच १९९८ साली तिथल्या विद्यापीठातल्या नोलन डोस्केन यांनी घरोघरी पाऊस मोजणाऱ्यांचं 'कोकोराज' हे जाळं सुरू केलं. त्यातही केंद्राच्या नावात अंतर आणि दिशा असते.

आपल्याला तर २६ जुलै २००५ विसरता येणार नाही. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७३. दोन्ही आकडे खरे, दोन्ही मुंबईचे. वेधशाळांची नावं वेगळी नसती तर त्या दिवशी 'मुंबईत किती पडला' याला काही अर्थच उरला नसता.

म्हणून मी रकान्यात वेस्ट विंडसर लिहिलं, पुढे मैल, दिशा आणि अक्षांश-रेखांश. प्रिन्स्टन लिहिलं असतं तर चारचौघांत वजन वाढलं असतं, हे खरं! पण ही नोंद मित्रांसाठी नाही. पन्नास वर्षांनी कुणी इथल्या ओढ्याच्या पुराचा हिशोब मांडायला बसला, तर हा पाऊस नेमका कोणत्या उतारावर पडला हे त्याला कळायला हवं. पत्राला पोस्ट पुरतं, पावसाला मुक्काम लागतो.