लाटणे, हंडा आणि ‘मला काय कळतंय’

माझ्या आईच्या तोंडी एक वाक्य कायम असे : ‘मला मेलीला काय कळतंय!’ गॅसचा नंबर लावायचा असो, आमच्या शाळेच्या अर्जावर सही करायची असो की वडिलांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवलेली असो, हे वाक्य आधी यायचे आणि मग पुष्कळदा अगदी नेमके मत यायचे. हीच बाई १९७२-७३ साली गोरेगावच्या चाळीतून लाटणे घेऊन मोर्चाला गेली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. मी तेव्हा जेमतेम चार वर्षांची. ही दोन चित्रे एकमेकांशी जुळवण्याचा खटाटोप मी गेली काही वर्षे करते आहे. प्रस्तुत लेख त्यातूनच निघाला.

गोरेगावची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. जोगेश्वरीच्या पलीकडची उपनगरे १९५७ साली बृहन्मुंबईत आली. तोवर इथे ग्रामपंचायत होती आणि मृणाल गोरे यांच्या सार्वजनिक कामाची सुरुवात त्या ग्रामपंचायतीतलीच. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या होत्या. पती केशव तथा बंडू गोरे १९५८ साली गेले, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून गेल्या. गाव मुंबईत आले तरी नळाला पाणी आले नव्हते. रिकामे हंडे-कळशा घेतलेल्या बायका अधिकाऱ्यांपुढे उभ्या करायच्या, ही रीत त्या काळातली. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातून पडले आणि पुढे जन्मभर चिकटले.

मला यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. पाणी भरणे हे बाईचे काम आणि पाणी नसणे हे बाईचे नशीब, असा तोवरचा हिशेब होता. नळ कोरडा असेल तर पहाटे तीनला उठायचे, घरात कमी पडले तर बोलणी खायची. ही कमतरता आपली नसून नगरपालनाची आहे, हे त्या मोर्चातल्या बाईला प्रथमच कोणीतरी सांगत होते. तेही व्याख्यान देऊन नव्हे, तर तिचा हंडा साहेबाच्या टेबलासमोर ठेवायला लावून.

पुढे १९७२ चा दुष्काळ आणि महागाई आली. तेल, साखर, रॉकेल मिळेना. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. तीत समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि कम्युनिस्ट तारा रेड्डी एकत्र होत्या. पुरुषांचे पक्ष एका मांडवात बसत नव्हते तेव्हाची ही गोष्ट! लाटणे मोर्चे निघाले, आणि ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवण्याचा कार्यक्रम झाला. थाळी वाजवायला उंबरा ओलांडावा लागत नाही, भाषण यावे लागत नाही. सासूसमोर घराबाहेर पडू न शकणारी सूनही खिडकीत उभी राहून त्यात सामील होऊ शकते. ही योजना ज्यांना सुचली त्यांना बायकांचे घरातले स्थान नीट ठाऊक होते.

आता जरा दूर जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली आत्मसन्मानाचे एक सूत्र मांडले : माणसाचे यश भागिले त्याच्या अपेक्षा. यश वाढवा किंवा अपेक्षा कमी करा, आत्मसन्मान वाढेल. या हिशेबाने आमच्या चाळीतल्या बायका फार सुखी असायला हव्या होत्या, कारण त्यांच्या अपेक्षा शून्याला टेकलेल्या होत्या. चळवळीने नेमके उलटे केले. तिने आधी अपेक्षा वाढवल्या, यश मिळो न मिळो. साखरेचा भाव लगेच उतरला नाही तरीही बायका ताठ मानेने परतल्या.

१९८६ साली कॅलिफोर्निया राज्याने आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमले. आत्मसन्मान वाढला की गुन्हे, व्यसने, शाळागळती कमी होतील अशी आशा होती. १९९० साली अहवाल आला आणि ‘स्वतःला शाबासकी द्या’ या उपदेशाची जगभर साथ पसरली. ती आपल्या पुस्तकांच्या दुकानांतही पोचली आहे. २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा निष्कर्ष निघाला की चांगल्या आत्मसन्मानामुळे कामगिरी सुधारते याला पुरावा तोकडा आहे. उलट कामगिरीमागून आत्मसन्मान येतो, असे बऱ्याच ठिकाणी दिसते. गोरेगावात हे कोणी सिद्ध करायला बसले नव्हते. आईला मी विचारले, तुम्ही कशासाठी जात होता? ती म्हणाली, ‘रॉकेलसाठी. आणखी कशासाठी?’

पण इथे थांबले तर ती चळवळीची आरती होईल. मंत्र्याला जाब विचारून आलेली बाई घरी येऊन ‘मला काय कळतंय’ म्हणत राहिली, हेही तितकेच खरे. बाहेर मिळवलेले मोल उंबऱ्याच्या आत आपोआप येत नाही. आमच्याच चाळीत मोर्चाला पुढे असणारी एक बाई घरी मार खात असे आणि सगळ्यांना ते माहीत होते. हंडा चौकात नेता येतो, पाठीवरचा वळ कोणाला दाखवणार?

१९८३ साली आरे रस्त्यावरच्या केशव गोरे स्मारकात ‘स्वाधार’ सुरू झाले, ते या प्रश्नाच्या उत्तरादाखल, असे मला वाटते. मथुरा निकालानंतर बायकांच्या संघटना उभ्या राहत होत्या, हुंडाबळींच्या बातम्या रोज येत होत्या आणि त्याच वर्षाअखेर विवाहितेच्या छळाविरुद्ध ४९८ अ हे कलम दंडविधानात आले. ‘स्वाधार’मध्ये छळाने गांजलेल्या बाईचे म्हणणे ऐकून घेण्याला पहिले स्थान होते. मोर्चात ती ‘आम्ही’ म्हणायला शिकली होती. इथे तिला ‘मी’ म्हणायचे होते, आणि ते कितीतरी अवघड होते. नावही पाहा : कोणी आधार देईल असे ते म्हणत नाही.

गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, त्यासाठीच्या लढ्यातही मृणालताई होत्या. जन्माआधीच जिचे मोल शून्य ठरते, तिला पुढे आत्मसन्मानाचे धडे कसले देणार?

या सगळ्याची कागदपत्रे शोधताना एक खंत राहते. छायाचित्रांत पुढच्या रांगेतल्या नेत्यांची नावे असतात, बाकीच्या साऱ्या ‘महिला’. मृणालताई २०१२ साली गेल्या आणि त्यांचे नाव गोरेगावच्या उड्डाणपुलाला दिले गेले, ते योग्यच. मागच्या रांगांतल्या बायकांची यादी मात्र कोणी केली नाही. मी करायला घेतली आहे. सतरा नावे जमली, त्यांतल्या चारजणी हयात आहेत.

आई जाण्याच्या आदल्या वर्षी मी तिला विचारले होते, पोलिसांची भीती नाही वाटली? ‘वाटली ना. पण मागे फिरायला जागाच नव्हती, इतक्या बायका!’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘हे छापणार असशील तर माझं नाव नीट घाल. नवऱ्याचं नको, माझं.’ यादीत तिचे नाव पहिले आहे, माहेरच्या आडनावासकट.