भंगारातील तांबे अर्थिंगला चालते का?

जुनी इमारत पाडताना किंवा कारखान्यातील विद्युत जोडणी बदलताना तांब्याच्या तारा आणि पट्ट्या निघतात. त्या भंगारात देण्याऐवजी अर्थिंगसाठी वापराव्यात, हा विचार चुकीचा नाही. केवळ वय झाल्याने तांब्याची वाहकता कमी होत नाही. मात्र तपासणीविना केलेली ही काटकसर जिवावर बेतू शकते.

फ्रीज किंवा गीझरच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर तिला सुरक्षित वाट देऊन फ्यूज वा ब्रेकर तोडणे, हे अर्थिंगचे काम. ही वाट मध्येच खंडित झालेली असली, तरी एरवी काहीच जाणवत नाही. दोष उघड होतो तो आवरणाला कुणाचा तरी हात लागल्यावरच.

म्हणून पहिली तपासणी छेदाची. जमिनीत उघडी पुरायची तांब्याची तार किमान २५ चौरस मिलिमीटर छेदाची असावी, असा संकेत आहे. सुमारे २.१४ मिलिमीटर व्यासाचे सात पेड मिळून एवढा छेद होतो. त्यातला एक पेड तुटला, तरी तो २२ च्या खाली येतो. पृष्ठभागावरील पातळ हिरवट थर घासून काढता येतो. खोल खड्डे पडलेली किंवा ठिसूळ झालेली तार मात्र बाद करावी.

दुसरी तपासणी अस्सलपणाची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात असते. कानशीने घासल्यावर आत पांढरा धातू दिसला, तर ती मातीत पुरू नये. ती लवकर खराब होते. आवरण काढण्यासाठी तारा जाळणेही टाळावे. पीव्हीसीच्या धुरातून विषारी वायू बाहेर पडतात.

तुकडे पिळून जोडू नयेत. सांधा वेल्डिंगचा किंवा योग्य क्लॅम्पचा हवा. तांबे आणि जस्तलेपित लोखंड ओलसर मातीत थेट जोडल्यास लोखंड झपाट्याने गंजते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरण्याची पद्धत रूढ असली, तरी मिठामुळेही धातू झिजतो.

तांबे वापरले म्हणजे अर्थिंग आपोआप उत्तम होते, असेही नाही. इलेक्ट्रोडचा रोध मुख्यतः माती आणि तिच्यातील ओलाव्यावर ठरतो. त्यामुळे ‘आयएस ३०४३’ या भारतीय मानकानुसार परवानाधारक तंत्रज्ञाकडून काम करून घ्यावे आणि अर्थ टेस्टरने रोध मोजावा. हे मोजमाप पावसाळ्यात समाधानकारक आले, तरी उन्हाळ्यात पुन्हा घेणे शहाणपणाचे.