स्टॅन्ली क्रेमर : स्वतंत्र चित्रपटनिर्मिती आणि तिच्या मर्यादा

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक व अभिनेते यांना मिळणारे स्थान निर्मात्याच्या वाट्याला क्वचितच येते. वास्तविक भांडवल उभारणे, विषय निवडणे आणि त्या निवडीची जोखीम पत्करणे ही कामे प्रामुख्याने निर्मात्याची असतात. शीतयुद्धाच्या काळात 'स्वतंत्र' म्हणविणारा निर्माता खरोखर कितपत स्वतंत्र होता, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकन निर्माते स्टॅन्ली क्रेमर (१९१३-२००१) यांच्या कारकिर्दीच्या आधारे केला आहे.

स्वतंत्र निर्मितीचा उदय

१९४७ मध्ये क्रेमर यांनी पटकथाकार कार्ल फोरमन आदी सहकाऱ्यांसह स्वतःची कंपनी स्थापन केली. १९४८ च्या 'पॅरामाउंट' खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे चित्रपटगृहांवरील बड्या स्टुडिओंची पकड सैल होऊ लागली आणि स्वतंत्र निर्मात्यांना वाव मिळाला. मर्यादित खर्चात धाडसी विषय हाताळणे हे क्रेमर यांचे वैशिष्ट्य ठरले. 'होम ऑफ द ब्रेव्ह' (१९४९) या चित्रपटात सैन्यातील वर्णद्वेष, तर 'द मेन' (१९५०) मध्ये युद्धात पंगू झालेल्या सैनिकांचे जीवन चित्रित झाले.

फोरमन प्रकरण

१९५१ मध्ये क्रेमर यांच्या कंपनीने कोलंबिया स्टुडिओशी करार केला. त्याच वर्षी 'हाय नून'ची निर्मिती चालू असताना फोरमन यांना अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे हजर व्हावे लागले. कम्युनिस्ट पक्षातील जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी क्रेमर यांनी त्यांच्याशी असलेली भागीदारी संपुष्टात आणली. सहनिर्माता म्हणून फोरमन यांचे नाव श्रेयनामावलीतून गेले. पटकथाकार म्हणून तेवढे राहिले. पुढे ते इंग्लंडला गेले. सारे गाव पाठ फिरवीत असता एकट्याने उभ्या राहणाऱ्या मार्शलची ही कथा १९५२ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा तिचा लेखकही एकटाच पडला होता.

काळ्या यादीला छेद

'द केन म्युटिनी' (१९५४) या चित्रपटाला मोठे यश मिळाले. मात्र कोलंबियासाठी केलेल्या इतर बहुतेक चित्रपटांत तोटा आला आणि तो करार संपला. यानंतर क्रेमर दिग्दर्शनाकडे वळले. 'द डिफायंट वन्स' (१९५८) व 'इनहेरिट द विंड' (१९६०) यांच्या लेखनात त्यांनी काळ्या यादीतील नेड्रिक यंग यांना टोपणनावाने सहभागी करून घेतले. पहिल्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळाले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने यंग यांच्या नेमणुकीचा निषेध केला, तरी क्रेमर मागे हटले नाहीत.

निष्कर्ष

१९५१ आणि १९६० मधील क्रेमर यांच्या भूमिकांतील अंतर केवळ व्यक्तिगत धैर्याने उलगडत नाही. पहिल्या वेळी नवी कंपनी मोठ्या स्टुडिओच्या भांडवलावर विसंबून होती व दहशत तीव्र होती; दुसऱ्या वेळी दहशत ओसरू लागली होती आणि क्रेमर यांचे नाव प्रस्थापित झाले होते. निर्मात्याचे स्वातंत्र्य असे अर्थकारणाशी व राजकारणाशी जखडलेले असते. परंतु परिस्थितीच्या या स्पष्टीकरणाने जबाबदारी पुसली जात नाही, कारण १९५१ मधील त्या निर्णयाची किंमत क्रेमर यांना नव्हे, तर फोरमन यांना मोजावी लागली.