राज्यपद्धती निवडणारा कोण?

संगणकावरचा 'सिव्हिलायझेशन' हा खेळ आता बराच जुना झाला. सिड मायर यांनी तो १९९१ मध्ये आणला आणि पुढे त्याच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा. एका खेड्यापासून सुरुवात करायची आणि हजारो वर्षांत साम्राज्य उभं करायचं. घरातल्या मुलांनी तो मला शिकवायचा बराच प्रयत्न केला. लढाया काही मला जमल्या नाहीत. पण शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे राज्यपद्धती निवडायचं पान आलं तिथे मी थांबलो.

जुन्या आवृत्त्यांत सुरुवातीला तुम्ही निरंकुश हुकूमशहा असता. पुढे ज्ञान वाढलं की राजेशाही, प्रजासत्ताक, साम्यवाद, लोकशाही असे पर्याय खुले होतात. प्रत्येकाचा नफा-तोटा ठरलेला. हुकूमशाहीत सुपीक जमिनीचंही उत्पन्न कमी येतं. राजधानीपासून जितकं दूर, तितका महसूल मध्येच गळतो. लोकशाहीत व्यापार वाढतो, गळती थांबते, पण सैन्य बाहेर पाठवलं की लोक नाराज होतात. आणि एका पद्धतीतून दुसरीत जायचं तर मध्ये काही पाळ्या अराजकाच्या जातात. त्या काळात कारभार जवळजवळ ठप्प.

हे वाचताना मला राहून राहून आपला मराठवाडा आठवत होता. कारण मंडळी, या खेळातली बरीचशी पानं आपल्या आधीच्या पिढीने बारा वर्षांत प्रत्यक्ष भोगली आहेत!

आमचं वाटूर परतूर तालुक्यातलं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्हा परभणी, राजधानी हैदराबाद, सरकारी भाषा उर्दू. गावात पाटील-पटवारी, वर तहसीलदार, त्याच्यावर तालुकदार, त्याच्यावर सुभेदार आणि सगळ्यांच्या माथ्यावर मीर उस्मान अली खान. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी हवी, असं १९२९ चं परिपत्रक होतं. 'गश्ती निशाण ५३' या नावाने ते कुप्रसिद्ध झालं. राजधानीपासून दूरच्या गावाचं काय होतं ते खेळात आकड्याने दाखवतात. इथे शेतकऱ्याची तक्रार मराठीत, दप्तर उर्दूत आणि न्याय शेकडो मैलांवर.

अशा काळात १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं ते आपल्या परतूरला, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली. आजही परतूरच्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं. संस्थानातल्या मराठी माणसांनी एकत्र येऊन बोलायला सुरुवात केली ती मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या तालुक्याच्या गावी. त्या चळवळीतूनच पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी जोर धरू लागली. म्हणजे राजा राहो, पण मंत्री लोकांना जबाबदार असावेत. मागणी एवढीच, तशी माफकच.

१९३८ साली हैदराबादेत स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली. सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ आणि इतर अनेक तुरुंगात गेले. १९३९ मध्ये निजामाने सुधारणा जाहीर केल्या खऱ्या, पण त्यांतही मंत्री जबाबदार राहणार होते निजामालाच.

आता याच १९३८ सालात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं पाहा. औंध नावाचं ७२ गावांचं लहानसं संस्थान, आजच्या सातारा-सांगलीकडचं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ठरवलं की आपण सत्ता प्रजेच्या हाती द्यायची. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले अभियंते यांनी मसुद्यावर काम केलं, गांधीजींचा सल्ला घेतला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना लागू झाली. पायाशी गावची निवडलेली पंचायत, त्यावर तालुक्याची सभा, त्यावर संस्थानची सभा. खालून वर जाणारी रचना. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्याच राज्यातली. तिच्याच प्रेरणेने शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. औंधचा प्रयोग १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत चालला.

म्हणजे खेळाच्या भाषेत, औंधच्या राजाने स्वतःच्या हाताने 'लोकशाही'ची कळ दाबली. मध्ये अराजकाची एकही पाळी गेली नाही. निजामाने कळीवर शेवटपर्यंत हात ठेवला आणि कोणालाच ती दाबू दिली नाही. मग अराजक कोणाच्या वाट्याला आलं? प्रजेच्या.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला. नोव्हेंबरात भारताशी 'जैसे थे' करार झाला. पुढचे महिने रझाकारांच्या दहशतीचे होते. गावंच्या गावं उठली, लोक सरहद्द ओलांडून शेजारच्या मुलखात आसऱ्याला गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. तो आपला मुक्तिदिन. शाळेत आम्ही धडा इथेच संपवत असू.

पण त्याच्या पुढचं पानही वाचलं पाहिजे. कारवाईच्या वेळी आणि नंतरच्या दिवसांत सूड उगवला गेला तो बहुतांशी सामान्य मुसलमानांवर, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशांवरही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असा अंदाजला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत जास्त. हा अहवाल कितीतरी वर्षं बंद कपाटात होता. खेळात अराजकाच्या पाळीला फक्त महसूल थांबतो. आपल्याकडे माणसं गेली, आधी एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. मुक्तीचा आनंद खरा होता आणि हे दुःखही खरं होतं. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

त्यानंतरचा क्रम तर पाहण्यासारखा आहे. १९४९ अखेरपर्यंत जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल. जहागिरी संपल्या त्या १९४९ च्या ऑगस्टमध्ये, याच अंमलात. १९५० पासून एम. के. वेलोदी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री आणि राजप्रमुखपदी कोण, तर तोच निजाम! मग पहिली सार्वत्रिक निवडणूक, १७५ जागांची विधानसभा आणि मार्च १९५२ मध्ये बी. रामकृष्णराव यांचं लोकनियुक्त सरकार. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे तुकडे होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून इकडे आला. आमचं गाव जागचं तसूभर हललं नाही, पण त्याची राजधानी बदलली, राजभाषा बदलली, जिल्हा बदलला.

आता मूळ प्रश्न. या सगळ्यांत चांगली पद्धत कोणती? खेळ याचं उत्तर उत्पन्नावरून देतो. तसं पाहिलं तर लष्करी अंमलात जहागिरी झटक्यात गेल्या, तेच काम विधानसभेत कदाचित वर्षानुवर्षं रेंगाळलं असतं. 'एकदा कडक माणूस हवा' असं पारावर म्हणणारे चुकीचं उदाहरण देत नाहीत. पण ते अर्धंच उदाहरण देतात. त्या अंमलाला शेवटची तारीख होती आणि पुढे निवडणूक होती. म्हणून तो सुसह्य झाला.

खेळात एक गंमत आहे, जी मुलांच्या लक्षात आली नव्हती. तुम्ही लोकशाही निवडा, साम्यवाद निवडा, खुर्चीवर तुम्हीच! चार-सहा हजार वर्षं तोच राजा. लोक नाराज होतील, दंगा करतील, सरकार कोसळून अराजकही येईल, पण त्यांना तुम्हाला घरी पाठवता येत नाही. मग तिला लोकशाही कशी म्हणायची? खऱ्या लोकशाहीची खूण उत्पन्नात शोधू नये. खुर्चीवरचा माणूस ठरलेल्या तारखेला उठवता येतो की नाही, एवढंच बघावं. परतूरला जमलेल्यांना हे कळलं होतं. औंधच्या राजाला तर खुर्चीवर बसून कळलं होतं, हे त्याचं मोठेपण.

म्हणून मला एका गोष्टीची रुखरुख वाटते. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा हैदराबादची सत्ता खऱ्या अर्थाने गावाच्या जवळ आली असं जुनी माणसं मानत. त्याच जिल्हा परिषदांपैकी कितीतरी, आमच्या जालन्यासकट, २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. कारणं कोर्टातली होती, आरक्षणाची होती, सगळी मान्य. प्रशासकांनी रस्ते केले असतील, पाणी आणलं असेल, तेही मान्य. पण गावात कोणी फारसं विचारलं नाही, की निवडणूक कधी? ना मोर्चा, ना बैठक. जी गोष्ट मागायला आपली माणसं तुरुंगात गेली, ती काही वर्षं नव्हती आणि तिची उणीवही आपल्याला जाणवली नाही.

कोणी कळ दाबली नव्हती, कोणी रणगाडे आणले नव्हते. तारीख नुसती पुढे पुढे जात राहिली. राज्यपद्धती अशीही बदलते, आणि हे पान त्या खेळात मला कुठे सापडलं नाही.

असो. तुमच्या गावच्या वडीलधाऱ्यांकडे १९४८ ते ५२ च्या आठवणी अजून असतील तर त्या उतरवून ठेवा. सांगणारे आता फार थोडे उरलेत.