टिंबाचे भांडण आणि टेलिफोनवरचे वाक्य

साडेतीन हा आकडा दशांशात फळ्यावर लिहायचा झाला, तर आपण तीनच्या पुढे टिंब देतो आणि पाच लिहितो. जर्मनीतला मास्तर तिथे स्वल्पविराम देतो. आपापल्या वर्गात दोघेही बरोबर. पण दोघांनी मिळून एकाच पाटीवर लिहायचे ठरवले तर? १९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरी नेमका हाच पेच पडला होता.

त्या काळी गणकयंत्रे, ज्यांना आज आपण संगणक म्हणतो, जगात मोजकीच होती आणि प्रत्येकाची बोली निराळी. एका यंत्रासाठी मांडलेले गणित दुसऱ्यापुढे ठेवले तर त्याला ते कळत नसे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५७ साली फोरट्रान नावाची भाषा काढली खरी, पण ती स्वतःच्या यंत्रासाठी. तेव्हा कोणा एका कंपनीची नव्हे, तर सर्वांची अशी एक भाषा असावी, म्हणून चार अमेरिकन आणि चार युरोपीय मंडळी झुरिकला जमली. या भाषेचे नाव पुढे अल्गोल पडले.

आणि टिंबावर गाडी अडली! एका सभासदाने तर टेबलावर मूठ आपटून सांगितले, की दशांशासाठी मी टिंब कधीही वापरणार नाही. त्या रात्री वेग्स्टीन नावाच्या अमेरिकन सभासदाने दोन्ही गोटांत जाऊन तोड काढली. भाषेची रूपे तीन करावीत : एक मूळ व्याख्येचे, एक पुस्तकात छापण्याचे, एक यंत्रात घालण्याचे. मूळ अर्थ एकच राहील, खुणा ज्याने त्याने आपल्या घरी सोयीच्या वापराव्यात. भांडण मिटले. मला मात्र यात गंमत वाटते ती ही, की टिंबावर एवढा गोंधळ झाला आणि त्याहून कितीतरी मोठ्या गोष्टी पुढे जवळजवळ आवाज न होता आत आल्या किंवा बाहेर राहिल्या.

त्यातली आत आलेली गोष्ट आधी सांगतो. शिक्षकबंधूंनो, समजा वर्गातल्या साठ उत्तरपत्रिका हजेरीच्या क्रमांकाने लावायच्या आहेत. एक उचला, समजा तिसावा क्रमांक निघाला. त्याहून लहान क्रमांक डावीकडे ठेवा, मोठे उजवीकडे. आता डाव्या गठ्ठ्याचे काय करायचे? तेच! त्यातली एक उचला, पुन्हा दोन गठ्ठे करा. एकेक पत्रिका उरेपर्यंत तेच करीत जा. म्हणजे ही कृती पुरी होण्यासाठी स्वतःलाच हाक मारते. यंत्राला हे सांगता यावे की नाही? प्रत्येक हाकेगणिक अर्धवट राहिलेले काम ध्यानात ठेवावे लागते, आणि त्या वेळच्या यंत्रांची स्मरणशक्ती फार तोकडी.

११ ते १६ जानेवारी १९६० या दिवसांत पॅरिसला पुन्हा सभा भरली. तेरा जण होते. चौदावा, विल्यम टुरान्स्की, थोडे आधी मोटार-अपघातात गेला होता. स्वतःला हाक मारणाऱ्या कृतीसाठी भाषेत खास खूण ठेवावी अशी सूचना तेथे आली, पण मान्य झाली नाही. मंडळी घरोघरी गेली. अहवाल लिहिण्याचे काम डेन्मार्कच्या पीटर नाउर यांच्याकडे होते. फेब्रुवारीत त्यांना आम्स्टरडॅमहून टेलिफोन आला. बोलणारे होते व्हान वाइनगार्डन आणि डाइक्स्ट्रा. त्यांनी एक साधे वाक्य घालायला सुचवले, आशय असा : कृतीच्या आत तिचेच नाव आले, तर ती कृती पुन्हा सुरू करणे असा अर्थ घ्यावा. नाउर यांना त्याचा धीटपणा आवडला आणि त्यांनी ते घातले. बाउअर या जर्मन सभासदाने पुढे याला आम्स्टरडॅमचा कट म्हटले.

रीत म्हणून हे बरे नव्हे. सभा उठल्यावर इतिवृत्तात वाक्य घुसवले तर ग्रामपंचायतीतही खपत नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइक्स्ट्रा आणि झोनेव्हेल्ड यांनी ही भाषा आपल्या यंत्रावर चालवून दाखवली, त्या वाक्यासकट. आणि आपल्या उत्तरपत्रिकांची युक्ती? ती टोनी होर या इंग्रज तरुणाला मॉस्कोत शिकत असताना सुचली होती, पण नीट मांडून सांगता येत नव्हती. १९६१ साली ब्रायटनला अल्गोलच्या वर्गात हे वाक्य त्याला भेटले आणि मांडणीची वाट मोकळी झाली. आज जगभर ती कृती शिकवतात.

आता बाहेर काय राहिले ते पाहा. यंत्रात आकडे घ्यायचे कसे आणि उत्तर छापायचे कसे, याविषयी त्या अहवालात काहीच नव्हते! कारण समजण्याजोगे होते. कुठे भोके पाडलेली कार्डे, कुठे कागदी पट्टी, कुठे आणखी काही. कोणाचे धरायचे? म्हणून सोडून दिले. घर ऐसपैस बांधले आणि दार ज्याने त्याने बसवावे असे ठरवले, तसे हे झाले. ज्याने त्याने बसवलेही, प्रत्येकाचे माप वेगळे. सर्वांची म्हणून काढलेली भाषा, पण एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर नेताना पुन्हा दुरुस्ती आलीच. फोरट्रानमध्ये वाचण्या-छापण्याची सोय होती. अमेरिकेत तिचेच चालले, अर्थात आयबीएमचे वजनही पाठीशी होते. टिंबासाठी जागवलेली ती रात्र या दारासाठी खर्च व्हायला हवी होती, असे मला वाटते.

१९६४ साली दाराचे मसुदे प्रसिद्ध झाले, एक सोडून दोन. तोवर घराघरांतून आपापली दारे बसून गेली होती. शास्त्रीय मासिकांत मात्र नव्या कृती पुढे कित्येक वर्षे अल्गोलमध्येच छापून येत राहिल्या. तिथे वाचणारी माणसे होती, त्यांचे दारावाचून काही अडले नाही.