हिंगोली शोधली तर सापडेना

कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे. इथे मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागतं. १९५६ पर्यंत हिंगोली हैदराबाद राज्यात होती आणि वाशीम मध्य प्रदेशात. आमच्या डीटीपीच्या दुकानात आजही गिऱ्हाईक दोन्हीकडचं येतं. लग्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, प्रतिज्ञापत्रं हे रोजचं काम. त्याशिवाय पाटीवर न लिहिलेलं एक काम आहे, जुन्या फाईली नीट करून देण्याचं. कुणी पेनड्राइव्ह पुढे करतं आणि म्हणतं, ‘ताई, हे उघडतंय, पण वाचता येत नाही.’

या कामाची सुरुवात मी तरी टाइपरायटरपासून धरते. मी मराठी टायपिंग शिकले ती रेमिंग्टन पद्धतीच्या मशीनवर. ओळ संपली की डावीकडचा दांडा ढकलायचा. कॅरेज मागे यायची आणि त्याच झटक्यात कागद वर सरकायचा. टेलिप्रिंटरमध्ये या दोन हालचालींना दोन वेगळे संकेत होते. संगणकाच्या भाषेत त्यांचे आकडे १३ आणि १०. डॉस आणि विंडोजने दोन्ही ठेवले, युनिक्सने फक्त १० ठेवला. विंडोजवरची फाईल लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या टोकाला तो जास्तीचा १३ चिकटून राहतो. तो काढायला १९८९ मध्ये ‘डॉसटूयुनिक्स’ लिहिलं गेलं. एवढंसं साधन, पण अजून वापरात आहे आणि माझं पहिलं पाऊल तेच असतं.

मराठीचा खरा गुंता पुढे आहे. देवनागरीसाठी सरकारी प्रमाण लवकर ठरलं होतं. ‘इस्की’ १९९१ मध्ये भारतीय मानक झालं, आणि पुण्याच्या सीडॅकने त्यावर भरपूर काम केलं. पण छापखान्यांना लगेच सुबक अक्षर हवं होतं. मग श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असे फॉन्ट आले आणि प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने मराठी आकार बसवले. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायची. फाईलमध्ये मात्र इंग्रजी अक्षरंच असायची. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की आत साठतं ते ई, जे, के, कॅपिटल बी, एच. फॉन्ट गेला की शब्दही गेला.

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तेव्हा जो तो जुन्या नमुन्यांमधलं ‘जिल्हा परभणी’ काढून ‘जिल्हा हिंगोली’ घालून घेत होता. ते सगळं काम याच फॉन्टांत झालं. म्हणजे या जिल्ह्याचं नाव संगणकावर आलं तेच मुळी आतून मराठी नसलेल्या अक्षरांत.

विंडोज २००० बरोबर युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा असलेली देवनागरी साध्या संगणकावर आली, सोबत र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ फॉन्ट. तोवर ढिगाने मजकूर जुन्या फॉन्टांत अडकलेला होता. तो सोडवायला मला ज्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला ते ‘सेड’ बेल लॅब्जमध्ये ली मॅकमेहन यांनी १९७३-७४ च्या सुमारास लिहिलं. काळ्या विंडोत एक ओळ लिहायची, हे दिसलं की ते घाल, आणि ते फाईल वरपासून खालपर्यंत चालत जातं. त्याच घरचं ‘टीआर’ मात्र मराठीत कुचकामी. लिनक्सवरचं टीआर एकेक बाइट बदलतं आणि युनिकोड साठवण्याच्या युटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं.

‘हिंगोली’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये त्याला आठ ठोके लागतात. पहिला ठोका वेलांटीचा, कारण मशीनवर ती आधी उमटते आणि मग ह. युनिकोडमध्ये उलटं, ह आधी आणि वेलांटी नंतर. म्हणून सेडला सांगावं लागतं की वेलांटी उचल आणि पुढच्या अक्षरापलीकडे ठेव. जोडाक्षर असेल तर अख्खं जोडाक्षर ओलांड. रफाराचं याच्या उलट. ‘वर्षा’मध्ये तो काना देऊन झाल्यावर टाइप होतो, त्याला षच्या आधी न्यावं लागतं.

मग गोचा ओकार. तो दोन ठोक्यांचा, काना आणि वर मात्रा. हे दोन तसेच सुटे राहिले तरी बऱ्याच फॉन्टांत ‘हिंगाेली’ अगदी बरोबर दिसतं. वाचणाऱ्याला काही कळत नाही. पण शोध घेतला की हिंगोली सापडत नाही. युनिकोडचं स्वतःचं सामान्यीकरणही हे दुरुस्त करत नाही, कारण त्याच्या लेखी काना अधिक मात्रा म्हणजे ओकार नव्हे. अशा नावांच्या याद्या मी पाहिल्या आहेत, माणूस यादीत असतो आणि शोधल्यावर नसतो. म्हणून काना आणि मात्रा जोडून ओकार करणारी सेडची एक ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते.

अति स्वच्छतेनेही नुकसान होतं, आणि ते मला जास्त लागतं. ‘शेतकऱ्यांना’मधला तो आडवा र पुष्कळ जण र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून लिहितात. परदेशात लिहिलेल्या साफसफाईच्या आज्ञा न दिसणारं सगळंच कचरा समजून काढून टाकतात. मग ‘शेतकर्‍यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं, लग्नपत्रिकेतल्या वऱ्हाडाचं ‘वर्हाड’ होतं. बातम्यांत, अर्जांत, योजनांच्या पत्रकांत हे रोज दिसतं आणि लोकांना वाटतं टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही. मी आधी असा प्रत्येक र पूर्ण ‘ऱ’ वापरून बदलून घेते आणि मगच बाकीची अदृश्य चिन्हं झाडते. क्रम चुकला तर शब्द परत येत नाही.

आता नांदेड-अकोला महामार्गावरच्या छोट्या छापखान्यांतल्या सीड्या माझ्याकडे येतात. त्यांत स्मरणिका असतात, गावोगावच्या दिंड्यांची पुस्तकं असतात, कुणाच्या आजोबांनी सांगितलेल्या ओव्या असतात. श्रीलिपीचा तक्ता कृतिदेवपेक्षा वेगळा आणि तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचाही एकमेकींपासून वेगळा. प्रत्येकीसाठी आधी एक पान छापायचं, छापलेलं पान आणि फाईल शेजारी ठेवायची आणि एकेका आकाराची जोडी लावत जायची. मोठे आकार आधी, सुटे नंतर. नाहीतर क्षचे तुकडे पडतात. सध्या टेबलावर एका सप्ताहाची स्मरणिका आहे, जोडी लावणं बाराखडीपर्यंत आलंय आणि जोडाक्षरं बाकी आहेत.